पाठीला माती

"आलास व्हय पैलवान?" पलंगावरून हिंदुरावांनी विचारलं.

सर्जेरावांनी फेटा खुंटीला अडकवला. तालमीतून येताना आणलेली चिमूटभर लाल माती त्यांनी हिंदुरावांच्या शाबूत हातावर ठेवली आणि उरलेली आपल्या तळव्यांना चोळली. लढतीआधी समोरच्याला माती द्यायचीच असते.

"चादर मळतीया, भावजी," हिंदुरावांची बायको सवयीनं म्हणाली.

ज्या कुस्तीनं सर्जेरावांचं नाव महाराष्ट्रभर झालं, ती याच माणसाशी झाली होती. हिंदुराव छाती मातीला लावून पालथे पडून राहिले होते, काही केल्या उलटत नव्हते. शेवटी सर्जेरावांनी त्यांची पाठ मातीला टेकवली आणि गदा खांद्यावर घेतली. पुढं जन्मभर सत्कार झाले. हिंदुरावांना मात्र परत कुणी मोठ्या मैदानात बोलावलं नाही.

लकवा झाल्यापासून हिंदुराव उताणेच होते. पाठीला जखमा झाल्या होत्या. त्यांना वळवत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण बायकोच्या एकटीच्यानं तो देह हलत नव्हता. हे कानावर आल्यापासून सर्जेराव रोज यायचे.

त्यांनी एक हात बगलेत घातला, दुसऱ्यानं कंबर धरली. पकड जुनीच होती. हिंदुराव अलगद पालथे झाले.

"आता तरी कुस्ती बरोबरीत सोडवायची का?" उशीत तोंड खुपसून त्यांनी विचारलं.

मोरीवर जाऊन सर्जेरावांनी हात धुतले, नखंसुद्धा घासली, आणि मगच मलमाची डबी उघडली. त्या पाठीला आता मातीचा कणही लागू द्यायचा नव्हता.