चिंच वाचवा

१९९९ साल. विश्रामबागेत माझ्या सायबर कॅफेसमोरची चिंच रस्ता रुंद करायला तोडणार, असं कळलं आणि कॉलेजातला कपिल सकाळी सकाळीच कॉम्प्युटर अडवून बसला. ‘चिंच वाचवा! खाली आपलं नाव घाला आणि मेल पुढं पाठवा,’ असं त्यानं जगभर पाठवून दिलं होतं. टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत होता.

चिंचेखाली पेरू विकणारी आक्काताई धापा टाकत दारात आली.

“कपिल, तोडणारी मानसं आली रं! मी एकलीच हाय. चार पोरं बुंध्याला धरून हुबी ऱ्हायली तर थांबतील ती.”

“जरा दम धरा मावशी. लय पाठिंबा मिळतोय. चारशे माणसं आलीत आपल्या बाजूनं, कॅनडातली पण आहेत.”

“मग त्यातलं येक तरी भाईर पाठीव की!”

बाहेर करवत सुरू झाली. कपिलनं चुळबुळ केली, नखं खाल्ली, मग उठून खिडकी लावून घेतली. त्या आवाजानं त्याचं लक्ष लागत नव्हतं. सगळी नावं घालून त्यानं कलेक्टरसाहेबांना मेल सोडला. स्क्रीनवरची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली.

तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला, काचा हादरल्या आणि पट्टी जागच्या जागी थांबली.

“दादा, लाईन तुटली!” कपिल माझ्यावरच खेकसला.

“तुटणारच,” मी म्हणालो. “माझ्या फोनची तार त्या चिंचेवरनंच आली होती.”