गुडघ्याचं पेटंट

“काकांनी अर्ज टाकलाय,” नवरा म्हणाला. “गुडघ्याच्या पेटंटचा. स्वतःच्या नावावर.”

तिने पेन्सिल खाली ठेवली. समोर टेबलावर त्याच गुडघ्याचं शेवटचं रेखाचित्र होतं.

“कोण म्हणालं?”

“पेटंटच्या कचेरीत माझ्या ओळखीचा एक जण आहे. दहा तारखेलाच टाकलाय म्हणे.”

आज सत्तावीस होती.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती एकोणिसाव्या वर्षी लागली होती. मालकांना सगळे काकाच म्हणत. त्यांचा डावा पाय मांडीपासून नव्हता. जिना उतरताना कृत्रिम गुडघा अचानक दुमडतो आणि माणूस तोंडावर आपटतो, हे त्यांनी किती वेळा सोसलं होतं. तिने सहा वर्षं खपून असा गुडघा बनवला, की अंगाचा भार पडताच तो आपोआप घट्ट व्हायचा. प्रत्येक नमुना घालून काका स्वतः जिना उतरायचे. चौदा वेळा पडले. “इंजिनियरबाई, घाबरू नका, दुसरी तंगडी अजून शाबूत आहे,” म्हणत उठायचे. पंधराव्या खेपेला थेट खाली पोचले आणि शेवटच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

“हा तुझा आहे, पोरी,” म्हणाले होते. “तुझ्याच नावाने चालेल.”

आणि आता हे.

एक तारखेपासून पेटंटचे नियम बदलणार होते. फी जवळजवळ दुप्पट. कागदी अर्ज बंद, सगळं ऑनलाइन. अर्ज कुणाचा, कसला आणि कधीचा, हे आजवर कचेरीबाहेर कुणाला कळत नसे. आता ती यादी रेखाचित्रांसकट सगळ्यांना खुली होणार होती. म्हणून वकीलबाईंनी तिच्या अर्जासाठी तीस तारीख ठरवून दिली होती.

“आता माझा अर्ज टाकून काय उपयोग?” तिने रेखाचित्र दूर सारलं. “पहिला ज्याचा, हक्क त्याचा.”

नवऱ्याने खुर्ची जवळ ओढली. हॉस्पिटलांना उपकरणं विकायचं त्याचं काम. कुणाशी कसं बोलावं, हे त्याला चांगलं जमायचं. “त्यांना मागे घ्यायला लाव. तीसपर्यंत नुसत्या सहीवर होतं. नवे नियम लागले की सुनावण्या सुरू. वर्षं जातील.”

“ते सही करतील?”

“तुला नाही म्हणायचे नाहीत.”

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली तेव्हा काका एका मुलीच्या पायाचा पट्टा शिवत होते. तिने अर्ज मागे घेण्याचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“तुम्ही अर्ज टाकलात?”

त्यांनी चष्मा काढला. “टाकला.”

“तुमच्या नावावर?”

“हो.”

निदान नाही तरी म्हणतील, असं तिला वाटलं होतं.

“मला का नाही विचारलंत?”

“घाई होती, पोरी. कागद तुझ्या घरी पाठवावेत असं वाटेना.” त्यांनी दाराकडे बघितलं. “एकटीच आलीस?”

“नाही. हे खाली थांबलेत.”

काकांनी सुई पट्ट्यात खोचून ठेवली.

“आठ दिवस थांबशील? मग तू म्हणशील तिथे सही करतो.”

“एक तारखेलाच नियम बदलतात, काका. तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतोय.”

तिच्या डोक्यात सणक गेली. “वडील गेले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, मी आहे. मी तेच धरून बसले. सहा वर्षं माझ्याकडून करवून घेतलंत आणि शेवटी नाव तुमचं? सही करा. नाहीतर उद्या इथल्या प्रत्येक माणसाला सांगते, तुम्ही काय आहात ते.”

मुलीची आई मान वळवून बघू लागली. काकांचे कान लाल झाले.

“या सहीनंतर माझ्या हातात काही राहणार नाही,” ते हळू म्हणाले. “एवढं ध्यानात ठेव.”

“तेच तर हवंय मला.”

त्यांनी सही केली. तिने आपल्या कानशी आणि मापाची पट्टी पिशवीत भरली आणि मागे न बघता जिना उतरली. खाली नवऱ्याने कागद दोनदा वाचला. तिच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कुठे तिला रडू आलं.

तीस तारखेला काकांचा अर्ज निघाला, तिचा आत गेला.

एक तारखेला सकाळी ती हसऱ्या चेहऱ्याने वकीलबाईंच्या खोलीत बसली होती. नवी यादी उघडली. वकीलबाईंनी शोधायच्या चौकटीत ‘कृत्रिम गुडघा’ असं टंकलं. तीन ओळी आल्या.

“पहिली दहा तारखेची. मागे घेतलेली,” त्या म्हणाल्या. “तिसरी तुमची.”

“आणि मधली?”

“अकरा तारखेची.” वकीलबाई पडद्याकडे झुकल्या. “रेखाचित्रं तर तुमचीच दिसतायत. आता हक्काने हीच पहिली. पत्ताही तुमचाच आहे. तुम्ही आधी एकदा टाकला होता का?”

“नाही हो,” ती हसली. “काहीतरी घोटाळा असेल.”

तिने पडदा आपल्याकडे वळवला. पत्ता तिच्याच घराचा होता. नाव नवऱ्याचं.