कागदांना पाय

मोठ्या साहेबांनी कधी कुणा एकावर संशय घेतला नाही. सगळ्यांवर सारखाच घेतला. मुख्यालयाच्या मेनफ्रेमला आपला कॉम्प्युटर जोडायचा होता, तर त्यांनी तंत्रज्ञाला दारातूनच परतवलं आणि धाकटे साहेब जेवायला गेल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवरची सगळी सेटिंग गुपचूप, जशीच्या तशी उतरवून घेतली.

मग बढतीतून धाकट्या साहेबांचा पत्ता कापायला मोठ्या साहेबांकडून रोज एक गोपनीय तक्रार वर जाऊ लागली. तिची प्रिंट मात्र एकदाही हाती लागेना.

"माझे कागद कोण पळवतं हो?" त्यांनी धाकट्या साहेबांना आडून विचारलं.

"कागदांना पाय फुटले असतील, साहेब. बाकी मी हल्ली वेळेवर येतो, पाहिलंत ना?"

हा एवढा गोड का बोलतोय, या विचाराने मोठ्या साहेबांची झोप उडाली.



उतरवून घेतलेल्या सेटिंगमध्ये प्रिंटरही धाकट्या साहेबांच्याच टेबलावरचा होता.