चुकायचं कोणी

उद्याच्या तासाला चुकायचं कोणी, एवढंच ठरायचं राहिलं होतं. बाकी सगळं बसवून झालं होतं.

नव्या पद्धतीत गणिताच्या बाईंनी उत्तर सांगायचं नसतं. मुलांनी हाताने करून बघायचं, चुकायचं, वाद घालायचा आणि आपलं आपण शोधून काढायचं. ते कसं चालतं हे बघायला दुसऱ्या शाळांतले शिक्षक येणार होते. त्यांच्यासमोर मुलांना वेळेत शोध लागलाच नाही तर काय घ्या, या धास्तीने बाईंनी सहावीला शोध आदल्या दिवशीच लावून दिला. प्रश्न साधा होता: चौरसाची बाजू दुप्पट केली, तर आतली जागा किती पट होते? एकाने म्हणायचं, दुप्पट. मग पहिल्या नंबराने पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे मांडून बघायचे आणि ओरडायचं, चौपट!

चुकण्याचं काम बाईंनी घुमीला दिलं. वर्गात कधी तोंड उघडत नाही म्हणून सगळे तिला घुमीच म्हणत. दुसऱ्या कोणाला दिलं असतं, तर त्याची आई भांडायला आली असती. घुमीच्या घरून कधी कोणी येत नसे.

"पण बाई, चार लागतात," घुमी तुकडे मांडून हळूच म्हणाली.

"लागू देत. तू आपलं दुप्पट म्हण."

घुमीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे मागच्या बाकांवर गुडघे आखडून बसले. मुख्याध्यापिका दाराशी उभ्या राहिल्या. तास ठरल्याबरहुकूम चालला. घुमी उठली आणि पाढा म्हणावा तसं म्हणाली, "बाजू दुप्पट, म्हणून जागापण दुप्पट."

वर्ग खो खो हसला. हसायचं नाही, हे सांगायला बाई विसरल्या होत्या. घुमीचे कान लाल झाले. बाईंना तिच्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

मग पहिल्या नंबराला शोध लागला. तो असा काही ओरडला, की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

पाहुण्यांमध्ये एक पिकल्या केसांचे सर होते. ते खूश झाले. "वा! आणि मला त्या मुलीचं जास्त कौतुक वाटलं," ते म्हणाले. "न घाबरता चुकली. बाई, पोरांना असं बिनधास्त चुकू देणं सोपं नाही हो. आम्हाला नाही जमत."

दाराशी मुख्याध्यापिकांची मान ताठ झाली. बाईही हसल्या. पण चोराच्या मनात चांदणं, त्यांना वाटलं, सर टोमणा तर मारत नाहीत ना? मग सरांच्या भाबड्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं, की ते मनापासून बोलताहेत. त्याने त्यांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता घंटा व्हायला हवी होती. झाली नाही. सर उठून फळ्यापाशी आले.

"बरं, बाजू तिप्पट केली तर?"

हे बसवलेलं नव्हतं. सगळा वर्ग बाईंकडे बघू लागला, आणि बाई दाराबाहेर. तेवढ्यात पहिल्या नंबराचा हात वर गेला. दुप्पटला चार, तर तिप्पटला किती, हा हिशेब त्याने झटक्यात केला होता.

"सहापट!"

बाई घुमीच्या बाकाजवळ उभ्या होत्या. तिचे तुकडे केव्हाच मांडून झाले होते. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन. घुमीने वर बघितलं.

"बाई," ती कुजबुजली, "आता बरोबर सांगू?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. त्यांनी मानेनेच हो म्हटलं. पाहुण्यांपैकी कोणी ऐकलं नव्हतं, आणि तेवढ्यावरच हायसं वाटल्याची त्यांना पुन्हा लाज वाटली.

"नऊपट," घुमी उभी राहून म्हणाली.

सर येऊन बाकावर वाकले. एकेका तुकड्यावर बोट ठेवून त्यांनी मोजलं. "शाबास. अगदी बरोबर." मग ते पहिल्या नंबराकडे वळले आणि थट्टेने म्हणाले, "आणि तुम्ही हो, शास्त्रज्ञ? मघाशी एवढा मोठा शोध लावलात, आणि आता असे कसे चुकलात?"

पहिला नंबर आयुष्यात कधी सगळ्यांसमोर चुकला नव्हता. त्याचा चेहरा पडला, ओठ थरथरायला लागले. वर्ग हसण्याच्या बेतात होता. घुमीला त्याची दया आली.

"त्याला काही बोलू नका, सर," ती म्हणाली. एवढा मोठा आवाज तिचा कोणी ऐकलाच नव्हता. "त्याला चुकायला कोणी सांगितलं नव्हतं. तो आपला आपणच चुकला."