दोन बोटं कमी

सकाळी पार्कच्या तिकीट खिडकीपाशी उल्काने मुलीच्या कानात सांगितलं होतं, "गुडघे जरा वाकव." जुईचं अर्धंच तिकीट लागलं. तरी रिसॉर्टची खोली आणि जेवणाची कुपनं यातच नवऱ्याचा सगळा बोनस उडाला. "आता एकही राईड सोडायची नाही, पैसे वसूल झाले पाहिजेत," असं तो सारखं म्हणत होता.

सगळ्यात उंच राईडपाशी लाकडी जोकर उभा होता. त्याच्या हाताला डोकं टेकलं तरच आत सोडत. जुई दोन बोटं कमी भरली.

"राहू दे ना आई, मला भीती वाटते."

"एवढे पैसे घालून नुसतं बघायला आलोय का?" उल्काने तिला झाडाआड नेलं आणि दोन्ही बुटांत रुमालांच्या घड्या कोंबल्या. "आता ताठ उभी राहा."

या वेळी डोकं टेकलं.

राईड वर जाऊन उलटी झाली तेव्हा उल्का खालून फोटो काढत होती. शेजारी कुणीतरी किंचाळलं, "पोरगी सुटली."

उल्काच्या पायाशी आधी बूट येऊन पडला. आत रुमाल होता, घडी न मोडलेला.