म्हाताऱ्याचं डावं-उजवं

एकोणसत्तर साली म्हाताऱ्याची चौदा वर्षांची कुत्री गेली आणि त्याने मेंढ्या विकायचं ठरवलं. त्याचं डावं-उजवं कायम उलटं. तो "डावीकडे" ओरडला की उजवीकडे धावायचं, हे एकट्या तिलाच कळायचं.

बायकोने हट्टाने सहा महिन्यांचं पिल्लू आणलं.

"अहो, एकदा हाक तर मारा. तोंड झिजणार नाही तुमचं!"

"डावीकडे," तो कसाबसा म्हणाला.

पिल्लू तडक उजवीकडे धावलं आणि मेंढ्या वळवून घेऊन आलं.

"कधी शिकवलंत हो?"

"आज पहिल्यांदाच बोललोय त्याच्याशी."

पिल्लू त्यांच्याकडे बघतच नव्हतं. फाटकाजवळच्या रिकाम्या जागेकडे बघून ते शेपटी हलवत होतं.

मेंढ्या राहिल्या. पुढे म्हातारा गेला, मग पिल्लूही म्हातारं होऊन गेलं. बायकोने पुन्हा कुत्रं पाळलं नाही. संध्याकाळी ती नुसतं फाटक उघडायची; मागून कुणी हाकल्यासारख्या मेंढ्या आत यायच्या.