चालू कोण ठेवतं?

बाबा अ‍ॅम्प्लिफायर कधीच बंद करत नसत. "थंड पडला की आवाजात जीव राहत नाही," म्हणायचे. ते गेल्यापासून मी तो रोज न चुकता बंद करतो, तरी संध्याकाळी हात लावला की गरमच. बायको म्हणते, तुम्हीच विसरता. मी म्हणतो, तूच लावतेस.

डोक्याला ताप नको म्हणून आज तिला न सांगता मी तो उचलून थेट मेकॅनिककडे आणला. त्यानं झाकण उघडलं आणि आतला भाग मला दाखवला.

"साहेब, याचा ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झालाय. कित्येक वर्षांत हा चालू झालेलाच नाही."

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, किती वेळा सांगायचं? आजही चालू ठेवून गेलात! वरची धूळ पुसायला गेले, तर हात भाजला माझा."